गंजलेल्या नाकाचं काय करायचं?

जुनी नाकाची लॉरी ज्यांच्या अंगणात उभी आहे, ती माणसं मेस्त्री भेटला की एकच विचारतात. बॉनेट खालच्या कडेला कुजलंय, पायरीजवळचा पत्रा अंगठ्याने दाबला तर आत जातो. आता नवा पत्रा चढवायचा, की एकदाच फायबर बसवून मोकळं व्हायचं? मेस्त्रीचं उत्तर बहुधा त्याच्या हातात कुठली कला आहे त्यावर ठरतं. डेंटर पत्रा सांगतो, फायबरवाला फायबर.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा लवकर दारात येतो. एक तर इथे लॉऱ्या राबल्याही तशाच. १९५९ पासून कागद काढू लागलेल्या दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिलला बांबू लागायचा, आगारात सागवानाचे ओंडके जायचे, मँगनीजची माती उपसली जायची, आणि पुढे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सूपा धरण उभं राहिलं. हा सगळा भार रस्त्यानेच हलला. दुसरं कारण पाऊस. तालुक्याच्या गोव्याकडच्या कडेला असलेलं कॅसलरॉक हे कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडतं. अनमोड, तिनईघाट, अणशी, कुठेही गेलात तरी जून ते सप्टेंबर लोखंडाला कोरडं होऊ देत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अख्ख्या गाडीला एक उत्तर लागू पडत नाही. बॉनेटचं उत्तर वेगळं, केबिनच्या सांगाड्याचं वेगळं. का, ते समजण्यासाठी आधी या गाड्या कशा बनल्या होत्या ते पाहावं लागेल.

१. केबिन कारखान्यातून आलीच नव्हती

१९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज लॉऱ्या निघू लागल्या. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. नाक मात्र बराच काळ तसंच गोलसर राहिलं. त्याच काळात वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो यायच्या, हिंदुस्थान मोटर्सच्या बेडफर्ड होत्या, आणि मद्रासजवळच्या एन्नोरहून अशोक लेलँडच्या कॉमेट.

यातल्या बहुतेक गाड्या गिऱ्हाइकाला पूर्ण मिळतच नसत. मिळायची ती चासी. तिच्यावर इंजिन, इंजिनावर नाक, आणि नाकामागे स्टिअरिंग व मीटर बसवलेली लोखंडी भिंत, जिला गॅरेजात काऊल म्हणतात. त्यामागे मोकळं आकाश. ड्रायव्हर तात्पुरत्या बैठकीवर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून, ती उघडी चासी शेकडो किलोमीटर चालवत बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायचा. तिथे सुतार लाकडाचा सांगाडा उभा करायचा, पत्रेवाला त्यावर पातळ पत्रा ठोकायचा, आणि पेंटर शेवटी आपली हौस भागवून घ्यायचा. तमिळनाडूतलं नामक्कल अजूनही अशा बांधणीसाठी ओळखलं जातं.

तेव्हा ‘जुनी लॉरी पत्र्याची असते’ हे अर्धंच खरं. बॉनेट, मडगार्ड, काऊल हे कारखान्यात साच्यात दाबलेलं पोलाद असतं. मागची केबिन म्हणजे लाकडावर चढवलेला पत्रा. भारतात पूर्ण पोलादी, कारखान्यात जोडलेली केबिन लहान ट्रकांमधून सर्रास दिसू लागली ती १९८५-८६ च्या सुमारास. स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान आणि आयशर-मित्सुबिशी या चार जपानी जोड्या आल्या, आणि टाटांनी ४०७ काढली. त्याआधीची गाडी तुमच्याकडे असेल तर तुमच्या हातात एक नव्हे, दोन वेगळ्या आजारांचे रुग्ण आहेत.

२. गंज नेमका कुठून सुरू होतो

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण गंजायला पाऊस अंगावर पडावाच लागतो असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. जोयड्याच्या पावसाळ्यात हा आकडा दिवसरात्र ओलांडलेला असतो. छपराखाली उभी केलेली गाडीही म्हणून सुटत नाही. अणशीचा घाट उतरून कारवारला फेऱ्या मारलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेतलं मीठ हे काम आणखी सोपं करतं.

दुसरी अडचण अशी की गंज लोखंडाचं रक्षण करत नाही. ॲल्युमिनियमवर जो थर बसतो तो घट्ट चिकटतो आणि आतला धातू झाकतो. गंज मात्र सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगतो, रंगाचा पापुद्रा उचलतो आणि त्याखाली आणखी पाणी शिरतं.

म्हणून बॉनेटचा मधला, सपाट, उन्हात तापणारा भाग चाळीस वर्षांनीही ठणठणीत असतो. कुजतात त्या जागा म्हणजे जिथे दोन पत्रे एकावर एक येतात, कडा दुमडलेली असते, काचेच्या रबराखाली पाणी साठतं, पायाखालच्या रबरी चटईची ओल सुकत नाही किंवा बॅटरीचं ॲसिड ठिबकतं. केबिनमध्ये याच्या जोडीला लाकूड आहे. पावसात भिजलेलं लाकूड आठवडाभर ओल सोडत राहतं आणि त्याला बिलगलेला पत्रा आतल्या बाजूने खात राहतो. बाहेरून रंग चकचकीत, आतून चाळणी. खिळे आधी जातात आणि मग दार लटकायला लागतं. दार लटकलं म्हणून बिजागरी बदलणारे बरेच जण असतात. दोष खांबात असतो.

३. फायबर म्हणजे काय

आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो ते दोन वस्तूंचं मिश्रण आहे. एक काचेचे केसाहून बारीक धागे, दुसरं रेझिन. जोयड्यातल्या कुणबी वस्तीत जुन्या घरांना कूड असतो, तो आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून शेणामातीचा गिलावा द्यायचा. नुसती माती असेल तर तडकते, नुसत्या काठ्या असतील तर हलतात. काठ्या ताण घेतात, माती त्यांना जागच्या जागी धरते. फायबरमध्ये काच काठीचं काम करते आणि रेझिन मातीचं.

काचेचे असे धागे कारखान्यात मुबलक बनू लागले ते १९३० च्या दशकात अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली, आणि १९५३ मध्ये शेवरोलेने कॉर्व्हेट ही फायबरच्या अंगाची मोटार काढली. पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानींनी १९८२ मध्ये डॉल्फिन ही छोटी फायबरची मोटार आणली होती. टक्कर झाली तर हिचं काय होईल, ही शंका तिच्या पाठीमागे कायम लागून राहिली. त्या शंकेत किती तथ्य होतं ते पुढे पाहू.

बॉनेट बनवण्याची रीत साधी आहे. चांगल्या बॉनेटवरून उलटा साचा काढतात. साच्याला मेण लावतात, म्हणजे माल सुटून येतो. मग जेलकोट म्हणजे बाहेरची गुळगुळीत रंगीत कातडी, आणि तिच्यामागे काचेची मॅट रेझिनमध्ये भिजवून, रोलरने हवा काढत, थरावर थर. रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात प्रवेगक म्हणून कोबाल्टचं द्रावण आणि शेवटी हार्डनर घालतात. हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा.

आणि हे काम पावसाळ्यात करायचं नाही. मॅटने ओल धरली असेल तर रेझिन काचेला नीट चिकटत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत थर सुटतात. इथे जानेवारी ते एप्रिल हाच खरा हंगाम.

४. वजनाचं गणित

‘फायबर हलकं असतं’ हे सगळे सांगतात. किती हलकं, ते मोजून पाहू.

एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटर पत्रा घेतला तर त्याचं वजन ७.८५ किलो. तेवढ्याच जाडीचं फायबर साधारण १.६ किलो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. पण इथे थांबलं तर फसगत होते, कारण तेवढ्या जाडीचं फायबर हाताने दाबताच वाकेल. साध्या मॅटच्या फायबरपेक्षा पोलाद ताठपणात सुमारे २५ पट वरचढ आहे.

सुदैवाने जाडीचा फायदा मोठा असतो. तक्त्याची जाडी दुप्पट केली की तो वाकायला आठपट अवघड होतो, तिप्पट केली की २७ पट. म्हणजे एक मिलिमीटर पत्र्याला तीन मिलिमीटर फायबर जवळपास बरोबरीचं. बाजारात मिळणाऱ्या ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसह साधारण एक मिलिमीटर बसतो, म्हणजे तीन थर. त्याचं वजन ३ × १.६ = ४.८ किलो. पत्र्याच्या ७.८५ किलोसमोर बचत तीन किलोंची.

आता नाक आणि दोन्ही मडगार्ड मिळून चार चौरस मीटर क्षेत्र धरू. बचत होते सुमारे १२ किलो. टाटा १२१० चं भरलेलं एकूण वजन १२ टन. हजारातला एक भाग! यातून डिझेल वाचेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. बॉनेट उचलणाऱ्या क्लीनरच्या हाताला फरक जाणवेल, इतकंच.

५. मग लॉरीवाल्या कंपन्यांनी फायबर का घेतलं?

उत्तर साच्यात आहे. पत्रा दाबायला पोलादाचे अजस्र साचे आणि तितकेच अजस्र प्रेस लागतात. फायबरचा साचा फायबरचाच असतो आणि तो एका शेडमध्ये बनतो. फक्त समजण्यासाठी आकडे कल्पू. पोलादी साच्याला ५० लाख आणि दर नगाला २,००० रुपये खर्च, फायबरच्या साच्याला २ लाख आणि दर नगाला ६,००० रुपये. साच्यातला फरक ४८ लाखांचा, नगामागचा फरक ४,००० चा. भागाकार केला की १,२०० येतात. बाराशेपेक्षा कमी नग काढायचे असतील तर फायबर स्वस्त, जास्त काढायचे असतील तर पत्रा.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. चेशायरमधल्या सँडबाक या छोट्या गावात फोडेन आणि ईआरएफ या दोन लॉरी कंपन्या होत्या. ईआरएफ काढली ती फोडेन घराण्यातूनच १९३३ मध्ये बाहेर पडलेल्या एडविन रिचर्ड फोडेन यांनी. दोन्हींची वर्षाची संख्या बेताची, म्हणून दोन्हींनी फायबर धरलं. फोडेनची एस-२१ ही गोलमटोल केबिन १९५८ ची. ईआरएफची मोठ्या काचेची केबिन त्यानंतर काही वर्षांनी आली. १९६० च्या दशकात वॉटफर्डच्या स्कॅमेलने तर इटलीच्या मिकेलोत्ती या नामांकित रेखाटनकाराकडून फायबरची केबिन काढून घेतली, आणि ती मला आजही त्या काळातली सर्वांत देखणी लॉरी वाटते. गंमत अशी की स्कॅमेल तेव्हा लेलँडच्या छत्राखाली होती. त्याच लेलँडने १९६४ मध्ये आपल्या मुख्य गाड्यांसाठी जी केबिन आणली ती मात्र पोलादी, कारण तिची संख्या मोठी होती. मालक एक, दशक एक, पण नगांची संख्या वेगळी म्हणून साहित्य वेगळं.

भारताने तिसराच रस्ता धरला होता. साचा नको, प्रेस नको, सुतार आणि पत्रेवाला आहेतच. एका-एका गाडीची केबिन हाताने बांधायची असेल तर लाकडाइतकं स्वस्त काहीच नाही.

अमेरिकेत मॅकने १९६० च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या आर मालिकेत केबिन पोलादी ठेवली आणि पुढे उलटणारं अख्खं नाक फायबरचं केलं. या निवडीकडे नीट पाहावं. इंजिन बघायला नाक रोज उचलावं लागतं, तिथे हलकेपणाला किंमत आहे. माणूस बसतो तिथे नाही.

६. ठोकर बसली तर

पत्रा वाकतो. वाकताना धक्क्याची शक्ती खातो, आणि नंतर डेंटर त्याला ठोकून बराचसा पूर्ववत करतो. फायबर थोडं दाबून सोडलं तर परत येतं, पोचा पडत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र ते तडकतं आणि तुकडे होतात. बॉनेटच्या बाबतीत हा तोटा फारसा नाही. मागून मॅटचे थर देऊन भेग बुजवता येते, फक्त कडा लांबवर उतरती घासून घ्यावी लागते. केबिनच्या बाबतीत गोष्ट गंभीर आहे. स्वीडनने १९६० च्या सुमारास केबिनला धक्क्याची कडक चाचणी लावली आणि पुढे युरोपातही तसे नियम आले. १९७४ च्या ईआरएफ बी मालिकेत म्हणूनच आत पोलादी सांगाडा आणि बाहेर प्लास्टिक-फायबरचे तक्ते अशी रचना दिसते. डॉल्फिनबद्दलची लोकांची शंका अगदी निराधार नव्हती. पण खरा सवाल कातडीचा नसून तिच्या आतल्या हाडांचा होता. आपल्या लाकडी केबिनीही या बाबतीत काही अभिमानाने मिरवण्यासारख्या नव्हत्या.

७. जोयड्यातल्या लॉरीला काय करावं

बॉनेट आणि मडगार्ड कुजले असतील आणि तसाच पत्रा मिळत नसेल, तर फायबर घ्यावं. इथल्या हवेत ते गंजणार नाही. पण बसवताना चार गोष्टी बघाव्यात. पहिली, बोल्ट. फायबरचं नाक क्वचितच मधे तुटतं, तुटतं ते बोल्टपाशी.

भोकाभोवती थर वाढवावेत, रुंद वॉशर घालावेत आणि बोल्ट मरेस्तोवर आवळू नये. बिजागरीच्या जागी थरांच्या आत लोखंडी पट्टी गाडून घ्यावी, नाहीतर वर्षभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात. पट्टी गाडण्याआधी तिला नीट प्रायमर मारावा. आत अडकलेलं लोखंड गंजून फुगलं की फायबर फोडून बाहेर येतं.

दुसरं, अर्थिंग. जुन्या गाडीत दिव्यांचा प्रवाह पत्र्यातूनच परत जातो. फायबरमधून वीज जात नाही. नवं नाक बसलं आणि हेडलाइट पेटेनात म्हणून डायनॅमो उतरवून ठेवणारे गॅरेजवाले असतात. प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत एक वेगळी वायर ओढली की काम झालं.

तिसरं, उष्णता. साधं पॉलिएस्टर रेझिन ७० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं, आणि ते पेटतंही. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या इंजिनाच्या धुराच्या नळ्या याहून कितीतरी जास्त तापतात. तिथे अंतर ठेवावं आणि आतून पत्र्याचा आडोसा द्यावा. चौथं, ऊन. पावसापेक्षा मार्च-एप्रिलचं ऊन जेलकोटचा वैरी आहे. तो पिठासारखा निघायला लागला की रंग द्यावा, काचेचे धागे उघडे पडेपर्यंत वाट पाहू नये.

काऊल आणि केबिनचे खांब मात्र पोलादाचेच हवेत. स्टिअरिंग, ब्रेकचं पेडल, दारं, सगळा भार तिथे येतो. कुजलेला भाग कापून २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर किंवा १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा वेल्ड करावा. कुजलेल्या काऊलवर फायबरची मॅट चिकटवून वरून लांबी भरणं हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि तो सरळ फसवणूक आहे. गंज आत जिवंतच राहतो, फक्त दिसेनासा होतो. गाडी विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावं. जिथे ते चिकटत नाही तिथे काय दडलंय ते विचारावं.

लाकडी सांगाडा बदलायचा असेल तर लाकूड सुकलेलं घ्यावं, पत्रा चढवण्याआधी लाकडाला तेल किंवा रंग द्यावा, पत्र्याच्या आतल्या बाजूलाही प्रायमर मारावा आणि दाराच्या तळाशी पाणी निघायला भोकं ठेवावीत. रंगकाम करताना ही भोकं बुजतात. पावसाळ्याच्या तोंडावर तारेने ती मोकळी करणं हे अख्ख्या नव्या केबिनइतकंच मोलाचं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

८. कागदांचं काय

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल नको, अशी अट आहे. पण ही सोय दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे. लॉरी त्यात बसत नाही, मग तिच्या नाकावर तारा असो की नसो. त्यामुळे लॉरीचा मालक साध्या कायद्याखालीच राहतो, आणि नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. नाक फायबरचं केलं तर आकार मूळचाच ठेवावा. केबिनचा प्रकारच बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं, आणि जुनं पत्र्याचं नाक भंगारात न घालता माळ्यावर ठेवावं. पुढचा साचा त्याच्यावरूनच काढावा लागेल.